आठवीनंतर आमच्या पोरी मैदानावरून जातात कुठे?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. शाळा आठवीपर्यंत, पट ४१. कॉलेजात असताना मी खो-खो खेळायचे म्हणून इथे आल्यावर शाळा सुटल्यानंतर पोरींना घेऊन सड्यावर, म्हंजे गावाच्या उघड्या कातळपठारावर, खेळायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं, पगार त्याचा मिळत नाही, आवड म्हणून. मैदान म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावर गावातल्या लोकांनी दोन ट्रॉली माती टाकून दिली तेवढंच. गेल्या वर्षी १४ वर्षांखालच्या गटात आमच्या पोरी तालुका जिंकल्या, जिल्हा जिंकल्या आणि विभागाला कोल्हापूरला गेल्या. आपला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग शालेय स्पर्धांना कोल्हापूर विभागात येतो हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हंजे समोर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या शाळा, जिथे खो-खो कबड्डी घराघरात आहे. आम्ही पहाटे चारला निघालो, घाटात तिघींना गाडी लागली, आणि तशाच उतरून खेळल्या. हरलो. पण आमच्या एका पोरीने एकटीने बाद न होता साडेतीन मिनिटं काढली. सांगलीकडचे एक सर सामना संपल्यावर मुद्दाम येऊन विचारून गेले की ही कुठली, हिला कोण शिकवतं.

तीच पोर आता जूनपासून खेळत नाही.

आठवी झाली, हायस्कूल ७ किलोमीटरवर. पाचनंतरची एकच एसटी आहे, ती चुकली की मग थेट रात्रीची वस्तीची गाडी. आई काजूच्या कारखान्यात जाते, घरी यायला तिला सात वाजतात, धाकटा भाऊ आहे, भात टाकायचं असतं. मी घरी जाऊन बोलले. आई म्हणाली, बाई तुमचं पटतं पण मी हिला कशी पाठवू ते तुम्हीच सांगा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संघातल्या नऊ जणी पुढच्या वर्गात गेल्या, त्यातल्या दोघी अजून येतात.

आणि आता जे बोलणार आहे त्याने कुणाला वाईट वाटलं तर वाटो. आमच्याच वाडीत शिमग्यानंतर ओव्हरआर्म क्रिकेटची स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस ३१ हजार, चषक माणसाच्या कमरेएवढा, मंडप, लाईट, कॉमेंट्री, युट्युबवर लाईव्ह. सगळा खर्च पावणेदोन लाख. वर्गणी दहा दिवसांत जमली. त्याच लोकांकडे मी पावसाळ्यात पोरींना सराव करता यावा म्हणून पत्र्याचं छप्पर मागितलं होतं, तीन वर्षं झाली. चषकाला माणूस उभा राहतो, छपराला राहत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमचा सराव बंद, आणि शालेय स्पर्धा सुरू होतात ऑगस्टमध्ये. म्हंजे आमची पोरं दर वर्षी दोन महिने घरी बसून थेट स्पर्धेला उतरतात.

तुमच्या गावात काय चाललंय ते सांगा. कुणी यातून काही वाट काढली असेल तर खरंच हवीय.


लालबागचा_गुहागरकर

बाई, आधी त्या पोरीला शाबासकी सांगा. साडेतीन मिनिटं ही चेष्टा नाही.

मी कबड्डीवाला. १९८९ ला गुहागरहून लालबागला मामाकडे आलो. गिरणगावातली कबड्डी कोकणातल्या माणसांनी उभी केली असं मी छातीठोक सांगतो कारण डोळ्यांनी बघितलंय, आमच्या मंडळात बाराजण असायचे त्यातले नऊ रत्नागिरी सिंधुदुर्गचे. मला कबड्डीमुळे बँकेत नोकरी लागली, घर झालं.

तुमच्या एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. स्पर्धांना नावं ठेवू नका. लहान पोराला खेळाचं वेड लागतं ते रात्रीच्या त्या लाईटखालीच. मी पाच वर्षांचा असताना बापाच्या खांद्यावर बसून गावच्या जत्रेतली कबड्डी बघितली, एक चढाईवाला चार गडी घेऊन मध्यरेषेवर पडला आणि सगळं गाव उठून उभं राहिलं, ते अजून दिसतं. ते बघितलं नसतं तर मी खेळलोच नसतो. पण हे खरंय की मुंबईला आम्हाला जे घडवलं ते स्पर्धेने नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला मंडळाच्या पटांगणावर हजेरी, आणि कडेला म्हातारे खेळाडू बसलेले असायचे. पाय चुकला की तिथून हाक. एक दिवस नाही गेलो तर घरी माणूस यायचा विचारायला. गावाला हे कुणी नाही. गावाला पोरगा स्पर्धेच्या आदल्या दिवशी संघात येतो.

येत्या १५ जुलैला कबड्डी दिन आहे, कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस. दर वर्षी आम्ही जुने खेळाडू जमतो. यंदा त्या दिवशी हा विषय काढतो.


गाबतीण

मालवणातसून लिवतंय. आमच्याकडची पोरां पवाक कोणाक शिकवची लागनत नाय, दर्यातच वाढतत. चिवल्याच्या वेळेवर, म्हंजे किनाऱ्यार, दरवर्षी समुद्रात पवाची स्पर्धा होता, भायरसून कितीतरी जण येतत, ल्हान पोरां, साठ वरसांची माणसां पण. आमची पोरां थंय भारी पवतत. पण पुढे राज्याच्या स्पर्धेक गेली की तलाव असता, थंय टर्न मारूचो लागता, ब्लॉकवरसून उडी मारूची लागता. ता आमच्या पोरांक येना नाय कारण तलावच बघूक नाय. माझो झील, म्हंजे पोरगो, दर्यात एक किलोमीटर सगळ्यांच्या फुडे होतो आणि तलावात ५० मीटरात मागे रवलो. घराक येवन जेवलो नाय त्या दिवशी.


अभ्यासू_पालक

विषय चांगला आहे पण कोणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी म्हणून लिहितो. माझी मुलगी नववीत आहे, कबड्डी खेळायची, मीच थांबवली. मला वाईट बाप समजू नका. दहावीच्या निकालात आपलं कोकण बोर्ड दर वर्षी राज्यात पहिलं येतं, ते उगाच येत नाही, आपल्याकडे जमीन तुकड्यातुकड्याची, कारखाने नाहीत, शिकून बाहेर पडणं हाच पिढ्यानपिढ्यांचा रस्ता आहे. माझ्या वडिलांनी मला तसंच शिकवलं. खेळातून किती जणांचं होतं? शंभरातल्या एकाचं. उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय, हा प्रश्न मी बाप म्हणून विचारणारच. आणि गुडघा गेला तर मुलीच्या जातीला पुढे काय काय ऐकावं लागतं तेही सगळ्यांना माहिती आहे.


सड्यावरची

दादा, तुम्हाला वाईट बाप कोण म्हणेल. तुमची काळजी खरी आहे. पण एक सांगू, तुम्ही शंभरातल्या एकाचा हिशोब मांडताय तो पदकाचा. माझा हिशोब वेगळा आहे. माझ्या त्या नऊ जणींपैकी सगळ्या पुढे राष्ट्रीय खेळणार नाहीत हे मला पक्कं माहिती आहे. पण वर्गात तोंड न उघडणारी पोरगी संघाची कर्णधार झाल्यावर पंचांकडे जाऊन नियम विचारते, कोल्हापुरात अनोळखी पोरींसोबत एका हॉलमध्ये झोपते, हरल्यावर रडून झाल्यावर पुन्हा दोऱ्या गुंडाळायला लागते. हे मी बघितलंय. आणि अभ्यासाचं म्हणाल तर खेळ सोडलेल्या सातजणींचा तो दीड तास अभ्यासाला गेलेला नाही, पाच जणींचा घरकामाला गेलाय आणि दोघींचा मोबाईलला.

तुमच्या मुलीने थांबताना काय म्हटलं होतं?


अभ्यासू_पालक

काही म्हणाली नाही. बूट धुऊन माळ्यावर ठेवले.


खाकीतली_खोखोपटू

वरच्या ओळीने गलबलून आलं. मी सिंधुदुर्गातली, आता पोलीस दलात आहे, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून लागले. माझ्या घरीपण दहावीला थांबवलं होतं. मामी भांडली म्हणून पुन्हा सुरू झालं.

नोकरीचं कुणाला नीट सांगितलं जात नाही म्हणून लिहिते. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे झालं असं नसतं. भरतीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, आणि ती स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नसेल तर तो कागद घरी लावायच्याच कामाचा. आमच्या वेळी कितीतरी पोरींनी कुठल्यातरी नावापुढे राष्ट्रीय लावलेल्या स्पर्धांना प्रत्येकी पाच पाच हजार भरले, लांब परराज्यात जाऊन आल्या, मेडल पण मिळालं, आणि पडताळणीत काहीच उरलं नाही. माझी सख्खी मैत्रीण त्यात अडकली, तिचं वय निघून गेलं. म्हणून कुणी फोन करून थेट राष्ट्रीयला नेतो म्हटलं की आधी जिल्हा संघटनेत विचारा. निवड चाचणी न होता राष्ट्रीयला जाता येत नाही एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि मूळ प्रमाणपत्रं, प्रवेशिकेची प्रत, संघाचा फोटो सगळं एका फाईलमध्ये प्लास्टिकमध्ये, आपल्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, माझं एक असंच गेलं.

आणि अभ्यासू दादा, दहावी बारावीला खेळाचे ग्रेस गुण असतात ते पण एकदा शाळेत विचारा. बूट माळ्यावरून खाली काढा.


एकशिक्षकी

शाळांचा मूळ प्रश्न कुणी बोलत नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक आहे, पण कधी, तर पट १०० च्या वर असेल तर. आता सांगा कोकणात जिल्हा परिषदेच्या किती शाळांचा पट शंभर आहे? वाड्या लांब लांब, माणसं मुंबईला, माझ्या शाळेत तर १४ पोरं आहेत. म्हंजे नियमानेच आम्हाला खेळाचा माणूस मिळत नाही. लहान शाळांनी एकत्र यायला हवं, एका केंद्रातल्या आठ-दहा शाळांना मिळून एक क्रीडाशिक्षक, आठवड्यात प्रत्येक शाळेला एक दिवस. ही मागणी आम्ही केंद्रातल्या शिक्षकांनी लेखी दिली आहे. बघू.


हाडवैद्य_नव्हे_फिजिओ

चिपळुणात प्रॅक्टिस करते. गुडघ्याचा विषय निघाला म्हणून आले आणि मला इथे बरंच बोलायचंय.

पहिलं. ११ ते १५ वयाची धावणारी उड्या मारणारी पोरं माझ्याकडे येतात, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीचं हाड सुरू होतं तिथे टेंगूळ आलेलं असतं आणि दाबलं की दुखतं. घरचे घाबरतात, कुणी चोळतं, कुणी इंजेक्शन मारून आणतं. हे बहुतेक वेळा वाढीच्या वयातलं दुखणं असतं, हाड भराभर वाढतं आणि मांडीचा स्नायू त्या जागेला ओढत राहतो. तपासून घ्या, उड्या आणि धावणं काही आठवडे कमी करा, मांडीचे ताण आणि ताकदीचे व्यायाम करा, वाढ पूर्ण होत आली की थांबतं. खेळ कायमचा बंद करायची गरज नसते. आणि चोळू नका.

दुसरं. मुलींना वयात आल्यावर गुडघ्यातली लिगामेंट तुटायचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो हे खरं आहे. पण त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. उडीवरून खाली येताना, एकदम वळताना गुडघे आत पडतात का ते बघायचं. पोरीला आरशासमोर किंवा मैत्रिणीसमोर उभं करून उडी मारायला लावा, लगेच दिसतं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, वाकून, आवाज न करता उतरायला शिकवायचं. फुटबॉलवाल्यांनी फिफा ११ प्लस नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप तयार केलाय, त्यात हेच आहे, तीन भाग, थोडं धावणं, मग ताकद आणि तोल, मग पुन्हा धावणं. खो-खो कबड्डीलाही चालतो. आठवड्यातून किमान दोन तीनदा, सगळा सीझनभर. चार दिवस करून सोडलं तर उपयोग नाही.

तिसरं, पोटाचं. आमच्याकडे येणाऱ्या खेळाडू मुलींमध्ये रक्त कमी असणाऱ्या फार. दमते म्हणून खेळ सोडला असं आई सांगते आणि तपासलं की हिमोग्लोबिन खाली. आपल्याकडे काय नाहीये हो? कुळथाची पिठी आहे, नाचणीची भाकरी आहे, तारली आणि बांगडा अजूनही मटणापेक्षा स्वस्त आहे. पण जेवणावर लगेच कोरा चहा घेतात, तो लोह अंगाला लागू देत नाही. तासभर थांबून घ्या. जेवणात लिंबू पिळा.


लालबागचा_गुहागरकर

ताई फार मोलाचं लिहिलंत. त्यात एक जोडा. कबड्डीत लहान गटाला वजनाची मर्यादा असते आणि निवड चाचणीच्या आधी पोरं दोन दोन दिवस उपाशी राहतात, रेनकोट घालून धावतात, थुंकून थुंकून वजन उतरवतात. मी स्वतः केलंय, चक्कर येऊन पडलोय. त्या वयात पोराची उंची वाढायची असते. माझ्या पोराला मी सांगितलं, वजन जास्त भरलं तर वरच्या गटात खेळ, नाहीतर यंदा बस. तो एक वर्ष बसला. आज तो कोपरारक्षक आहे, पाय धरला की सुटत नाही.


हाडवैद्य_नव्हे_फिजिओ

अगदी बरोबर केलंत. वाढत्या पोराचं पाणी तोडणं म्हणजे किडनीशी खेळ आहे.


सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, उडीवरून उतरायचं आज वर्गातच करून बघितलं, अकरापैकी सहा पोरींचे गुडघे आत पडतात. मला इतकी वर्षं हे दिसलंच नव्हतं.

बघा ना, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. शाळेत मोबाईलवर फायनल दाखवली तेव्हा पोरी बाकावर उभ्या राहिल्या होत्या. आपल्या रत्नागिरीतूनही ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार महाराष्ट्राच्या संघातून खेळल्या. म्हंजे इथल्या मातीत होत नाही असं कुणी म्हणू नये. क्रिकेटचे दिलीप वेंगसरकर आमच्या राजापुरात जन्मले, सचिनला घडवणारे आचरेकर सर मालवणचे. पण दोघांचाही खेळ मुंबईत घडला. शार्दुल ठाकूर तर पालघरहून रोज लोकलने जायचा. पालघरला लोकल तरी आहे. सड्यावरच्या पोरीने कशाने जायचं? मला एवढंच हवंय की खेळायचं असेल तर गाव सोडावं लागू नये, निदान अठरा वर्षांची होईपर्यंत तरी.

क्रीडा प्रबोधिनीचं पण पोरींच्या घरी सांगून बघितलं. शासनाची निवासी सोय, चाचण्या आमच्या पोरी सहज काढतील, उभी लांब उडी, शटल रन, मेडिसिन बॉल, ८०० मीटर. नेमबाज स्वप्नील कुसाळे त्यातूनच ऑलिम्पिकला पोचला. पण बारा वर्षांची मुलगी एवढ्या लांब ठेवायची म्हटल्यावर एकही घर तयार नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

तेव्हा प्रश्न तोच. गावातच, पावसात, शाळा सुटल्यावर, घरी वेळेत पोचून. कसं?


देवगड_हापूस_बागायतदार

मी वाचत होतो नुसता. मला खेळातलं काही कळत नाही. पण छपराचं बोलताय म्हणून विचारतो, तुमच्या गावात आंब्याची पॅकिंग शेड नाही का हो कुणाची?

माझी आहे साठ बाय तीस फूट. मार्च ते मे पाय ठेवायला जागा नसते, पेट्या, पेंढा, गवत, माणसं. जूनच्या पहिल्या आठवड्यात धुऊन कुलूप लावतो ते थेट फेब्रुवारीत उघडतो. आठ महिने रिकामी. तुम्हाला नेमकं जेव्हा छप्पर हवंय तेव्हाच आमचं छप्पर रिकामं असतं. देवगड, राजापूर, पावस, सगळीकडे अशा शेडी आहेत आणि काजूवाल्यांच्या पण. नवीन बांधायला कशाला वर्गणी काढता?


सड्यावरची

दादा मी हे वाचून दोन मिनिटं तशीच बसले. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एक आहे. रोज तिच्यावरून जाते मी.


एकशिक्षकी

कल्पना उत्तम, पण खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं, ६० फूट म्हंजे १८ मीटर. पूर्ण मैदान बसणार नाही. आणि खाली कोबा असेल ना?


हाडवैद्य_नव्हे_फिजिओ

कोबा असेल तर सूर मारायचा नाही, मैदानाच्या टोकाला असतो त्या खांबावर झेप घ्यायची नाही, अजिबात नाही. मनगट, हनुवटी, कोपर फुटतात. उड्याही मोजून मारा, सिमेंटवर रोज उड्या मारल्या की नडग्या दुखायला लागतात. पण पावसाळ्यात तुम्हाला सूर कशाला हवाय? हे चार महिने ताकद, तोल, पायांची चपळाई, उतरायचं तंत्र एवढंच करा. ऑक्टोबरला माती सुकली की सूर. आणि अनवाणी नको, ओल्या कोब्यावर घसरतं.


खाकीतली_खोखोपटू

मैदान अर्धं असलं तरी चालतं बाई. चार चौकोन आणि एक खांब, त्यात बसून उठणं, खो देणं, दिशा घेणं, सगळा पाया होतो. आमचे सर पावसात शाळेच्या व्हरांड्यात तीन चौकोन आखून घ्यायचे, तिथेच पळणाऱ्याच्या चाली, एकेरी साखळी, दुहेरी साखळी, चालत चालत पाठ करून घेतली. नुसतं चालत. पाय लक्षात ठेवतात. संध्याकाळचं मात्र बघा, पोरी एकेकट्या परत जाऊ नयेत. आणि शेडजवळ बाथरूम आहे का ते आधी बघा, नसेल तर मोठ्या पोरी चार दिवस येणार नाहीत आणि कारण पण सांगणार नाहीत.


अभ्यासू_पालक

सरावाची वेळ सकाळी ठेवली तर? एसटीचा प्रश्नच जातो. आमच्या इथे हायस्कूलची मुलं साडेनऊच्या गाडीने जातात. साडेसहा ते आठ. आई कामाला जायच्या आधी घरात असते, भाऊ तिच्याजवळ. मी हिशोब मांडून बघितला म्हणून सुचवतोय.


सड्यावरची

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, रेंज आणि लाईट दोन्हीची बोंब होती, पाऊस कोसळतोय नुसता.

झालं ते सांगते. शेडच्या मालकांकडे मी आणि सरपंच ताई गेलो. काका आधी नाही म्हणाले, पत्रा फुटेल, काचा फुटतील, कुणाला लागलं तर माझ्यावर येईल. काच एकही नाही तिथे. मग त्यांच्या मिसेस आतून आल्या आणि म्हणाल्या, मी पण शाळेत असताना लंगडी खेळायचे, चावी देऊन टाका. चावी मिळाली. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर लिहून दिलं की जबाबदारी आमची, फेब्रुवारीच्या एक तारखेला धुऊन परत. बाथरूम आहे, मजुरांसाठी बांधलेलं, कडी नव्हती ती लावून घेतली.

वेळ सकाळी साडेसहा. अभ्यासू दादा, ही एक गोष्ट तुम्ही सुचवलीत आणि सगळं बदललं. पहिल्या दिवशी अकरा पोरी, आता सतरा, त्यात हायस्कूलच्या सहा. गेरूने चौकोन आखलेत. भिजलेल्या छत्र्या एका रांगेत उभ्या असतात. पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून हात वर केला की थांबायचं असं ठरवलंय.

ती पोर आलीय. पाचव्या दिवशी आली, धाकट्या भावाला घेऊन. तो पेट्यांच्या ढिगावर बसून मोजत असतो, कोण किती वेळ टिकलं ते.

वाडीच्या क्रिकेटवाल्या पोरांशी पण बोलले, मी धाग्यात जे लिहिलं ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं आणि जरा रागावले होते. लालबागच्या दादांचं म्हणणं मी त्यांना वाचून दाखवलं, की लाईटखालची स्पर्धा बघूनच पोरं खेळायला लागतात. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या रात्री क्रिकेटच्या आधी अर्धा तास पोरींचा खो-खो त्याच लाईटखाली ठेवायचा असं ते म्हणालेत.

आता अडचण एक आहे. खांब. कोब्यात खड्डा करता येणार नाही. आम्ही रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून बांबू उभा केला पण वळताना पोरीने हात टाकला की डबा हलतो, काल एक जण पडता पडता वाचली, तेव्हापासून खांबाचं काम बंद ठेवलंय. कुणाला काही सुचतंय का?


लालबागचा_गुहागरकर

बाई, कबड्डी दिनाला विषय काढला होता, आमच्यातला एक जण वेल्डिंगचं दुकान चालवतो. लोखंडी तळ करून देतो म्हणतोय, वरून जांभ्याचे चिरे ठेवले की हलणार नाही. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गाडी घेऊन येतोय. उंची किती हवी ते कळवा.


सड्यावरची

१२० ते १२५ सेंटीमीटर, वरचं टोक गुळगुळीत, कुठेही धार नको. तळाच्या कडा जमिनीला लागून सपाट हव्यात, पाय अडकता कामा नये. चिरे आम्ही काढून ठेवतो. जेवायला माझ्याकडेच या.